जुन्या न्यूड छायाचित्रांतली माणसं आखडलेली आणि त्वचा डागाळलेली का दिसते?

नागपुरात चित्रकला शिकताना तुम्हाला हा प्रश्न पडला, हे उत्तम. उत्तर त्या काळच्या काचेत आणि रसायनात सापडतं.

१८५१ साली फ्रेडरिक स्कॉट आर्चरने ओल्या कोलोडियनची पद्धत प्रसिद्ध केली. काचेवर कोलोडियन हा चिकट द्रव ओतायचा, काच सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची आणि ती ओली असतानाच, साधारण १०-१५ मिनिटांत, फोटो काढून धुवायचा. एक्स्पोजर कित्येक सेकंदांचं, म्हणून मॉडेल टेकलेली किंवा पहुडलेली. त्यात कोलोडियनला निळा, जांभळा आणि अतिनील प्रकाशच कळतो. त्वचेतला तांबूसपणा काळा उमटतो. कोपरं, गुडघे मळकट दिसतात.

पडताळा घरीच घ्या. खिडकीपाशी स्वतःच्या हाताचा रंगीत फोटो काढा, एडिटरमध्ये कृष्णधवल करताना लाल आणि हिरवा शून्यावर, निळा १०० वर ठेवा. बोटांचे सांधे लगेच काळवंडतील. आता फक्त लाल १०० करा, तीच त्वचा गुळगुळीत होईल.

खरी काच करायचीच असेल तर डिसेंबर-जानेवारी गाठा आणि जाणकाराला सोबत घ्या. कोलोडियनमधला ईथर ३५ अंशांच्या आसपास उकळतो. आपल्या मे महिन्यात थर पसरण्याआधीच सुकतो. ईथरची वाफ पेट घेते, त्यामुळे खोलीत शेगडी, उदबत्ती नको, कूलरची मोटरही नको.

पोझ मात्र चित्रकारांकडून आल्या. १८५४ मध्ये छायाचित्रकार युजेन दुरियूने काढलेल्या नग्न मॉडेलच्या फोटोंवरून फ्रेंच चित्रकार देलाक्रॉने रेखाटनं केली. १८५७ मध्ये छायाचित्रकार रेलँडरने तीसहून अधिक निगेटिव्ह एकेक झाकत, उघडत एकच मोठं चित्र छापलं. त्याची प्रत राणी व्हिक्टोरियाने घेतली. माझ्या मते छायाचित्रणाची स्वतःची भाषा त्यानंतर बऱ्याच काळाने आली. अमेरिकी छायाचित्रकार एडवर्ड वेस्टनचे १९३६ चे न्यूड बघा: ८ बाय १० इंची निगेटिव्ह, एन्लार्जमेंट न करता थेट कागदावर ठेवून प्रिंट. मांडीवरची लवही दिसते. ब्रिटिश छायाचित्रकार बिल ब्रँटने जुन्या वाइड-अँगल कोडॅकने शरीराचे जणू खडक केले. त्या फोटोंचं पुस्तक १९६१ चं.

स्वतः काम करणार असाल तर मॉडेल सज्ञान हवी आणि फोटो कुठे वापरणार हे नमूद केलेली लेखी संमती आधी घ्या. अश्लीलतेचं कलम आता भारतीय न्याय संहितेत २९४ आहे. २०१४ च्या अवीक सरकार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नुसती नग्नता म्हणजे अश्लीलता नव्हे, असं मानलं. तरी संमतीचा कागद मूळ फायलींसोबतच जपून ठेवा.