बाणाची पिसं उजवीकडे वळवून लावावीत की डावीकडे? फिरकीत काय फरक पडतो?

नॉककडून, म्हणजे बाणाच्या मागच्या टोकाला दोरीत बसणाऱ्या खाचेकडून पाहा. पिसाचं पुढचं टोक उजवीकडे वळलेलं असेल तर बाण घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतो, डावीकडे असेल तर उलटा. नेम दोन्हींनी सारखाच लागतो. फक्त एका बाणावर दोन दिशा मिसळू नका. प्लॅस्टिकच्या व्हेन (पिसांऐवजी लावायच्या पात्या) कशाही वळवा, पण खरं पीस असेल तर डाव्या पंखाचं डावीकडेच, उजव्याचं उजवीकडेच. नाहीतर पिसाचा नैसर्गिक बाक आणि तुम्ही दिलेला कोन एकमेकांना खोडतात. जिगवर (पिसं चिकटवायच्या साच्यावर) १ ते ३ अंश पुरतात. कोन फार वाढवला तर हवेचा रोध वाढून ७० मीटरवर बाण खाली लागतो.

बाणाला स्क्रूसारखं फिरवून बसवायचं टोक वापरत असाल तर मी उजवी दिशाच सुचवेन. डाव्या फिरकीचा बाण टार्गेटमध्ये घुसताना टोक सैल होत जातं, दर वेळी बाण काढल्यावर ते आवळावं लागतं.