साउंड कार्ड घेण्याआधी हेडफोनचे ओहम बघ
अरे, गेमिंगसाठी महागडं साउंड कार्ड (कॉम्प्युटरचा आवाज हेडफोनपर्यंत पोचवणारा भाग) घ्यायची घाई करू नकोस. आधी हेडफोन कुठला आहे ते सांग. यूएसबीचा असेल तर विषयच संपला. त्याचं कार्ड त्याच्याच पोटात असतं, तुझं नुसतं बसून राहील. 3.5 मिमी पिनचा, 32 ओहमचा (ओहम म्हणजे हेडफोन विजेला किती अडवतो त्याचं माप) असेल तर मदरबोर्डचं, म्हणजे कॉम्प्युटरच्या मुख्य बोर्डाचं, आउटपुट बहुतेकदा पुरतं. 250 ओहमवाल्याला मात्र जोर लागतो, तिथे हेडफोन अँप (आवाजाला जोर देणारा अँप्लिफायर) असलेलंच कार्ड घे. माउस हलवला की कानात किरकिर येते? पिन कॅबिनेटच्या पुढून काढून मागच्या हिरव्या जॅकमध्ये लावून बघ. माझी दोन वर्षांची कटकट तेवढ्यानेच गेली (आणि मी नवीन कार्ड शोधत होतो!). सराउंड (आवाज चहूबाजूंनी येतोय असं भासवणारी सोय) एकाच ठिकाणी चालू ठेव, गेममध्ये नाहीतर कार्डच्या सॉफ्टवेअरमध्ये. दोन्हीकडे लावलंस तर गेममधली पावलं मागून येतायत की बाजूने, तेच कळत नाही.