गाठ काढण्याआधी एमआरआय हवाच का?

प्रश्न : आईच्या (वय ५८) उजव्या स्तनात दोन सेंटिमीटरची कॅन्सरची गाठ आहे. सर्जन तेवढीच काढू म्हणतात. चोपड्याहून जळगावला एमआरआयसाठी न्यावं का?

उत्तर : ताई, सरसकट गरज नसते. ब्रिटनमधल्या १,६२३ स्त्रियांवरच्या ‘कोमिस’ चाचणीत (२०१०) एमआरआय करूनही पुन्हा शस्त्रक्रियेचं प्रमाण तेवढंच राहिलं, दोन्ही गटांत सुमारे १९ टक्के. पण बायोप्सीच्या कागदावर ‘लोब्युलर’ (दूध तयार करणाऱ्या ग्रंथींत सुरू होणारा कॅन्सर) लिहिलंय का, ते आजच पाहा. हा प्रकार मॅमोग्राफीत (स्तनाच्या एक्स-रेत) अनेकदा लपतो. तिथे मी स्वतः एमआरआय मागवते. त्यात आणखी ठिपका दिसला, तर त्याची बायोप्सी झाल्याशिवाय पूर्ण स्तन काढायला होकार देऊ नका, हे कळकळीनं सांगते. आईंना किडनीचा त्रास असेल तर तपासणीआधी सांगा. कारण एमआरआयच्या वेळी शिरेतून औषध देतात आणि ते किडनीवाटे बाहेर पडतं.