रंगासाठी रक्तचंदन नव्हे, पतंग लावा

प्रश्न : काजूच्या बागेच्या कडेने लाल रंग देणारी झाडं लावायची आहेत. रोपवाटिकेत रक्तचंदन सुचवलं; दहा वर्षांत लाकूड रंगासाठी विकलं जाईल म्हणाले. लावू का? – एक बागायतदार, सिंधुदुर्ग

उत्तर : रंगासाठी रक्तचंदन लावू नका. ते आंध्रातल्या शेषाचलमच्या कोरड्या, खडकाळ डोंगरांतलं झाड. वाढ फार सावकाश, दहा वर्षांत विकण्याजोगा लाल गाभा धरत नाही. त्याचा रंग साध्या पाण्यात उतरत नाही, आणि निर्यातीवर कडक निर्बंध आहेत. अशा आश्वासनावर शेतकऱ्यांचे पैसे अडकलेले पाहवत नाहीत, म्हणून स्पष्ट लिहितो.

तुमच्या कामाचं झाड आहे पतंग. पिवळी फुलं, चपट्या कडक शेंगा आणि अंगभर काटे. त्यामुळे मोकाट गुरांना अडवणारं कुंपणही होतं. केरळात याच लाकडाचे तुकडे घालून उकळलेलं गुलाबी पाणी घरोघरी पितात. पूर्वी गुलालालाही हाच रंग वापरत.

बी घेताना झाडाची खात्री करा. गाभ्याचा तुकडा कोमट पाण्यात टाका, पाणी लालसर होईल. त्यात लिंबू पिळलं की ते पिवळं पडतं, चुन्याची निवळी घातली की गडद गुलाबी होतं. रक्तचंदनाने पाणी असं रंगत नाही.

बियांचं कवच कठीण असतं. गरम पाण्यात क्षणभर बुडवून लगेच काढा, मग रात्रभर साध्या पाण्यात भिजवून पिशवीत लावा. रोपं पावसाच्या सुरुवातीला, पाणी साचणार नाही अशा जागी लावा. कलमांपासून अंतर ठेवा, नाहीतर काजू वेचताना काट्यांचा त्रास होईल.

साधारण सात-आठ वर्षांनी तोड घेता येते. रंग फक्त गाभ्यात असतो. पांढरं लाकूड आणि बारीक फांद्या तासून बाजूला काढा. बुंधा राखलात तर पुन्हा फुटवे येतात.

घरी कापड रंगवायचं असेल तर सुती कापड आधी हिरड्याच्या काढ्यात, मग तुरटीच्या पाण्यात भिजवा. लोखंडी भांडं टाळा, त्यात लाल रंग जांभळट-काळा पडतो. हा रंग उन्हात विटतो, हे गिऱ्हाइकाला आधीच सांगा.

पहिल्या वर्षी कडेचीच झाडं लावा, अख्खी जमीन गुंतवू नका. नैसर्गिक रंगाचं काम करणारे आणि वनौषधींचे व्यापारी यांच्याकडे मागणीची चौकशी आत्ताच करा. झाडांची सातबाऱ्यावर नोंद करून घ्या. तोड आणि वाहतुकीचे नियम वनपरिक्षेत्र कार्यालयातून लेखी मागा.