पहिल्या सेबरसाठी स्विच घेताना

अरे मस्त, पहिल्या लाइटसेबरचा (स्टार वॉर्समधली प्रकाशाची तलवार) हिल्ट, म्हणजे मूठ, स्वतः बनवतोयस, तर अर्धं काम झालंच! कोणता स्विच घ्यायचा याचं जास्त टेन्शन घेऊ नकोस, आधी एवढंच ठरव की आत साउंड बोर्ड (आवाज काढणारं सर्किट) आहे का. असेल तर मोमेंटरी घे, दाबलं की जोडतो आणि सोडलं की तुटतो तो. नुसता एलईडी आणि बॅटरी असेल तर लॅचिंग, एकदा दाबलं की चालूच राहतो आणि परत दाबलं की बंद होतो तो, आणि मग सगळा करंट त्यातूनच जाणार म्हणून त्याचं अँपिअर रेटिंग बघच.

नवीन लोक इथे चुकतात:

- फक्त व्यास बघतात, १२ एमएम आहे ना, झालं. पण स्विचची मागची लांबी आणि वळलेल्या वायरी आत बॅटरीला अडतात, म्हणून भोक पाडायच्या आधी सगळं आत ठेवून बघ.
- गोल पाइपवर ड्रिल सरकतं. सेंटर पंचने खूण कर, ३ एमएमने सुरुवात करून हळूहळू वाढव, कडा कानशीने घास, नाहीतर त्या वायर सोलतात.
- नट आतून बसतो, म्हणून वायरी आधी भोकातून आणि नटमधून ओवायच्या, मग सोल्डर. माझा नट बाहेरच राहिला होता, सगळं परत उकलावं लागलं.

सोल्डर करताना बॅटरी बाहेर! लाइट रिंगवाला स्विच पुढच्या वेळी, आत्ता साधाच लाव आणि फोटो टाक.