चिनी घरात पाहुणे म्हणून जेवताना

चीनच्या प्रवासात कुणाच्या घरी जेवायचा योग येणार असलेल्या वाचकांची काही पत्रं या वेळी निवडली आहेत.

प्रश्न : शिआनमध्ये मुलाच्या सहकाऱ्याच्या आईवडिलांनी संध्याकाळी घरी बोलावलं आहे. कधी जावं, काय न्यावं, कुठं बसावं?

दिलेल्या वेळेला जा, हवं तर पाच मिनिटं आधी. रात्रीचं जेवण सहा-सातलाच होतं. मोठ्या आचेवर परतलेल्या भाज्या अगदी शेवटी कढईत पडतात. तुम्ही उशीर केला तर त्या गार होतात किंवा यजमानीण बाई जेवण सोडून ओट्यापाशीच अडकतात. दारातच बूट काढा, घरात घालायच्या सपाता मिळतील.

न्यायला फळांची पेटी, चांगला चहा किंवा मिठाई उत्तम. दोन्ही हातांनी द्या. घड्याळ, छत्री आणि पेअर नेऊ नका, कारण त्यांचे उच्चार अंत्यसंस्कार आणि ताटातूट यांची आठवण करून देतात. चारच्या संख्येतही काही नको. यजमान एकदोनदा ‘कशाला आणलंत’ म्हणतील, तरी पुन्हा पुढे करा. भेट तुमच्यासमोर उघडली नाही तर मनाला लावून घेऊ नका, तशीच रीत आहे.

दारापासून लांबची, दाराकडे तोंड असलेली खुर्ची सहसा मानाची असते. ती कदाचित तुम्हालाच देतील, पण आपणहून जाऊन बसू नका. घरातल्या सर्वांत वडील माणसानं जेवायच्या काड्या (चॉपस्टिक्स) उचलल्या की मग सुरुवात करा.

प्रश्न : वाटी रिकामी केली की लगेच भरतात म्हणे. मग थांबायचं कसं? आणि टाकलं तर अन्नाचा अपमान नाही का?

बहुतेक पाहुणे इथेच फसतात, कारण पहिल्या तीन पदार्थांवरच पोट भरून घेतात. पदार्थ एकदम येत नाहीत. काकडी, शेंगदाणे, थंड मांसाचे काप असे गार पदार्थ आधी, मग एकेक गरम. मासा बराच उशिरा. साधा हिशेब असा की माणसं जितकी, तितके पदार्थ, वर एखाददुसरा आणि सूप. पाहुणा असला की तोही मोडतो. म्हणून प्रत्येक ताटलीतून आधी दोनच घास घ्या, तेही आपल्या बाजूचे, ताटली न उकरता. सूप कधी येतं हे पाहून अंदाज बांधता येतो, फक्त प्रांत लक्षात ठेवा. उत्तरेकडे सूप बहुधा शेवटाकडे येतं, दक्षिणेतल्या ग्वांगतुंग प्रांतात मात्र जेवणाची सुरुवातच त्यानं होते.

तुमची वाटी आणि मधल्या ताटल्या यांचे नियम वेगळे आहेत. वाटीतला भात शितासकट संपवावा. मधल्या ताटल्यांत थोडं उरलं तर यजमानाला उलट बरं वाटतं, कारण त्या चाटूनपुसून संपल्या तर आपण कमी केलं की काय अशी शंका त्याला येते. आग्रहानं वाटीत घातलेला तुकडा नको असेल तर तो तसाच राहू द्या. जोवर तो तिथे आहे, तोवर नवा पडायची शक्यता कमी. पोट भरलं की काड्या वाटीशेजारी आडव्या ठेवून ‘वो छ्र पाओ ल’ म्हणा, म्हणजे माझं पोट भरलं. पहिल्यांदा कुणी ऐकत नाही. तिसऱ्यांदा ऐकतात.

हॉटेलात नेलं तर गोष्ट थोडी वेगळी. अन्नाच्या नासाडीविरुद्धचा कायदा 29 एप्रिल 2021 पासून लागू आहे. त्यानुसार उघड नासाडी करणाऱ्या गिऱ्हाइकाकडून हॉटेलवाला आधी जाहीर केलेलं शुल्क घेऊ शकतो. उरलेलं बांधून मागण्यात कमीपणा नाही.

प्रश्न : काड्यांनी खाता येत नाही. हसं होईल का?

नाही. चमचा मागा. भाताची वाटी उचलून तोंडाजवळ धरणं हीच तिथली पद्धत आहे, त्यामुळे सांडण्याचा प्रश्न निम्मा मिटतो. काड्या भातात उभ्या मात्र रोवू नका, ते मृतासमोर लावलेल्या उदबत्त्यांसारखं दिसतं. वाटीवर वाजवूही नका. वाढून घ्यायच्या काड्या वेगळ्या ठेवलेल्या असतील तर त्याच वापरा. 2020 च्या साथीनंतर त्यांचा बराच प्रचार झाला. दक्षिण किनाऱ्यावर मासा असेल तर वरची बाजू संपल्यावर तो उलटू नका. कोळ्यांच्या समजुतीत ते होडी उलटण्याचं लक्षण. मधला काटा उचलून खालचं मांस घ्यायचं.

प्रश्न : आम्ही शाकाहारी आहोत. ‘मांस नको’ एवढं सांगून भागेल?

भागणार नाही. नुसतं ‘मांस’ म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर डुकराचं मांस येतं. मासा आणि कोळंबी त्यात आपोआप येत नाहीत. शिवाय चवीपुरता घातलेला खिमा पुष्कळांच्या हिशेबी मांस नसतोच. मापो तोफू या सोया पनीरच्या तिखट पदार्थात खिमा असतो. कोरड्या परतलेल्या फरसबीतही बहुधा असतो. पालेभाजीत डुकराची चरबी, ऑयस्टर म्हणजे कालवांचा सॉस, सुकी कोळंबी किंवा चिकनची पूड असू शकते. म्हणून ही नावं एकेक करून फोनवर चिनीत लिहून घ्या आणि जेवणाच्या आदल्या दिवशी पाठवा. अंडं चालतं की नाही हे वेगळं लिहा. ताटावर बसून सांगितलं तर यजमानांची सगळी तयारी वाया जाते आणि ओशाळलेपण दोन्हीकडे राहतं.

काय करता येईल हेही सुचवा, त्यांना हायसं वाटेल: व्हिनेगर घालून परतलेले बटाट्याचे बारीक काप, ठेचलेल्या काकडीची कोशिंबीर, बटाटा-वांगं-ढोबळी मिरचीचा ‘ती सान श्येन’, अंडं चालत असेल तर टोमॅटो-अंडं. कढई मात्र तीच असेल. तेही चालत नसेल तर घरचं आमंत्रण नम्रपणे चहावर आणा आणि जेवण बौद्ध मंदिराच्या शाकाहारी भोजनालयात करा. तिथे परंपरेनं कांदा-लसूणही वर्ज्य असतो. ताटात बदक किंवा मासा दिसला तर दचकू नका. सोयाबीन आणि गव्हाच्या चिकापासून ते आकार करतात.

प्रश्न : हारबिनमध्ये जेवणाआधी सगळ्यांनी मिळून, करंजीसारखे पण पाण्यात उकडायचे, च्याओज़ करायचे आहेत. आम्हाला काय जमेल?

सारण भरणं. लाटणं यजमानांवर सोडा, ते दिसतं त्याहून अवघड आहे. 500 ग्रॅम मैद्याला साधारण 250 ग्रॅम गार पाणी, अर्धा तास झाकून ठेवलेली कणीक, आणि सुमारे 8 सेंटीमीटरची पारी, मध्ये जाड व कडेला पातळ. छोटं लाटणं कडेकडून मध्यापर्यंतच फिरवतात आणि दुसऱ्या हातानं पारी वळवत राहतात. सगळीकडे सारखी पातळ झाली तर बूड फाटतं.

सारण लहान चमचाभर. हातात पारी आल्यावर जास्त भरायचा मोह होतोच. करंजीसारखी दुमडून आधी मध्ये चिमटा, मग दोन्ही टोकांकडे जात आतली हवा बाहेर काढा. कडेला सारणाचं तेल लागलं तर ती चिकटत नाही आणि पाण्यात तोंड उघडतं. ताज्या कणकेला पाण्याचं बोट लागत नाही, विकतच्या पाऱ्यांना लागतं. कोबी चिरायला दिला तर मीठ लावून दहा-पंधरा मिनिटांनी घट्ट पिळून द्या, नाहीतर सारणाला पाणी सुटून पाऱ्या भिजतात. झालेले च्याओज़ पिठी भुरभुरलेल्या ताटात, एकमेकांना न लागता मांडा.

खळखळत्या पाण्यात सोडल्यावर डावाच्या पाठीनं तळापासून हलकेच ढकलतात, म्हणजे बुडाला चिकटत नाहीत. उकळी आली की अर्धी वाटी गार पाणी. मांसाच्या सारणाला असं तीनदा. पाण्याचा जोर उतरल्यानं पारी फाटत नाही आणि आत शिजायला वेळ मिळतो. सोबत काळं व्हिनेगर आणि कच्चा लसूण. शेवटी ते ज्यात उकडले ते पाणीच वाटीतून प्यायला देतील. गरम, पिठूळ, अळणी असतं, प्या.

प्रश्न : दारूचा आग्रह कसा टाळावा?

पहिल्या पेल्याआधी. पाय्च्यो ही धान्याची दारू बहुतेक 38 ते 53 टक्के मद्यार्काची असते. एक पेला घेतला की दुसऱ्याला नकार देणं म्हणजे माणसाला नकार देणं ठरतं. मुळातच घेत नाही म्हटलं तर कुणी रागावत नाही. चहाचा पेला उचलून ‘यी छा ताइ च्यो’, म्हणजे दारूऐवजी चहा, म्हणा. वडीलधाऱ्यांच्या पेल्याला पेला लावताना आपल्या पेल्याची कड त्यांच्यापेक्षा खाली ठेवा. घेणारच असाल तर ‘कानपेइ’ म्हटल्यावर पेला रिकामा करायचा असतो. ‘स्वेयी’ म्हटलं तर आपापल्या मर्जीनं.

प्रश्न : जेवणाचे पैसे द्यावेत का? आणि रात्री तिथेच राहिलो तर?

ओळखीच्या घरी पैसे काढूच नका. खेड्यातल्या ‘नोंगच्याल’ प्रकारच्या शेतकरी घरांत मात्र जेवण विकतच असतं. तिथे पदार्थ सांगण्याआधी भाव विचारा, विशेषतः जिवंत मासा किंवा कोंबडी निवडायला सांगितली तर. ते वजनावर लावतात.

मुक्काम केला तर परदेशी पाहुण्याची नोंद 24 तासांच्या आत स्थानिक पोलिस ठाण्यात करावी लागते. हॉटेल ती आपोआप करतं, घरी राहिलात तर तुम्ही किंवा यजमानांनी करायची. पासपोर्ट जवळ ठेवा आणि यजमानांना आदल्या दिवशीच विचारा. घराची कागदपत्रं शोधायला त्यांना वेळ लागतो.