दीड महिन्याच्या बाळासाठी 'इम्युनिटी'वाला महाग फॉर्म्युला घ्यावा का?

म्हणजे मुलगी दीड महिन्याची, अंगावरचं पुरत नाही म्हणून डॉक्टरांनी वरचं सुरू करायला सांगितलंय आणि म्हापशाच्या फार्मसीवाल्याने एचएमओ, प्रोबायोटिक लिहिलेला डबा पुढे केलाय. माझं मत विचाराल तर जादा पैसे घालू नका, साधा स्टेज वनचा, म्हणजे पहिल्या सहा महिन्यांसाठीचा डबा पुरे.

एचएमओ म्हणजे आईच्या दुधातल्या साखरा, बाळाला त्या पचत नाहीत, आतड्यातले चांगले जंतू त्यावर जगतात. आईच्या दुधात त्यांचे शंभराहून जास्त प्रकार असतात, डब्यात एक, फार तर चार-पाच. वाईट काही नाही, पण आईच्या दुधातल्या अँटिबॉडीज आणि जिवंत पांढऱ्या पेशी काही डब्यातून मिळत नाहीत, म्हणून जे थोडंफार अंगावर येतंय ते अजिबात बंद करू नका. डब्यावर डीएचएही लिहिलेलं असतं, तो स्निग्धाचा एक प्रकार, मेंदू-डोळ्यांसाठी असतो, त्याचा सर्दीखोकल्याशी काय संबंध!

प्रोबायोटिक म्हणजे पावडरीत घातलेले जिवंत चांगले जंतू, त्यांची तर गंमतच. पावडर निर्जंतुक नसते, क्वचित त्यात क्रोनोबॅक्टर नावाचा जंतू निघतो आणि इतक्या लहान बाळाच्या तो जिवावर बेतू शकतो, म्हणून डब्ल्यूएचओ सांगते की पाणी किमान 70 डिग्री गरम हवं, म्हणजे उकळल्यावर अर्ध्या तासाच्या आत वापरायचं, मग बंद बाटली नळाखाली धरून कोमट करायची आणि पाजायच्या आधी मनगटावर थेंब टाकून बघायचा. आता एवढ्या गरम पाण्यात ते चांगले जंतूही मरणार, मग पैसे कसले दिले? अशा डब्यांवर कोमट पाणी घ्या असं लिहिलेलं असतं, ते डॉक्टरांना दाखवून विचारा, मी तरी गरम पाणीच वापरलं असतं.

तसं आपल्याकडे 1992 च्या कायद्याने या डब्यांची जाहिरातच बंद आहे, वर बाळाचा फोटोसुद्धा छापता येत नाही, तरी 'इम्युनिटी' दुकानाच्या काउंटरवरून आणि व्हॉट्सॲपवरून घरात येतेच.

आणि आता पावसात डबा सांभाळा हो. आमच्याकडे फोंड्याला जुलैत चमचा जरा ओला लागला की पावडरीचे गोळे. झाकण घट्ट, चमचा कोरडा, फ्रिजमध्ये ठेवायचा नाही. पुरवायचं म्हणून पातळ करू नका, आधी पाणी मोजायचं मग सपाट चमचे. उरलेलं दूध सरळ ओतून टाका.

इम्युनिटीचंच म्हणाल तर दीड महिन्याच्या लसी आत्ताच असतात, पेंटाव्हॅलंट, पोलिओ, रोटा, न्यूमोकोकल. सरकारी आरोग्य केंद्रात फुकट मिळतात, दिल्या नसतील तर या आठवड्यातच जा.